ढोल, बासरी आणि पुन्हा एकदा

गडचिरोलीच्या स्टँडवर धानोऱ्याची गाडी लागली, तशी मी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आमच्याकडे रुमालाला मोठा मान. एकदा पडला की सीट आपली, मग दारातली ढकलाढकली निवांत बघावी. पण आत चढून बघते तर काय... माझ्या रुमालावर टीव्ही बसलेला! चादरीत गुंडाळलेला, अगदी ऐटीत. आणि शेजारी त्याला कवटाळून एक चष्मेवाला.

"अजी, रुमाल दिसला नाई का?"

"दिसला ना," तो म्हणाला. "म्हणूनच ठेवला. खाली मऊ लागते त्याले."

"टीव्हीचं तिकीट काढलं का?"

"टीव्ही नाई, कॉम्प्युटर होय."

"मंग तर फुल तिकीट पायजे. लय हुशार असते म्हणते तो."

मागची मंडळी हसली. बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि उठून उभा राहिला. मी बसले, पण सीटबरोबर तो कॉम्प्युटरही माझ्या मांडीवर आला. खड्डा आला की आम्ही दोघं एकदमच त्याला धरायचो. त्याची बोटं माझ्या बोटांवर यायची... आणि झटकन दूर व्हायची. त्या रस्त्याला खड्डे पुष्कळ. त्या दिवशी मी एकदाही कुरकुर केली नाही.

"कुठी नेऊन राह्यले हे?" मी विचारलं.

"धानोऱ्याच्या बालवाडीत. तिथल्या दिव्यानीबाई फार कडक आहेत म्हणते."

"हो ना," मी म्हटलं. "लय कडक."

बालवाडीच्या दारात कुलूप उघडायला मीच पुढे झाले, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्याचं नाव आदेश. चंद्रपूरचा. नागपूरच्या एका संस्थेसाठी त्याने लहान मुलांचा व्हिडिओ गेम बनवला होता, गाण्याबजावण्याचा. पडद्यावर ढोल, बासरी, घंटी. ती एकामागून एक वाजत, आणि मुलांनी त्याच क्रमाने चित्रांवर माऊस दाबायचा. दोन हजार चार साल होतं ते. आमच्या मुलांनी खेळून दाखवला, तर त्याला नागपूरला पक्की नोकरी. नाही खेळला, तर परत घरी.

मोहफुलांचे दिवस होते. पहाटे आईबरोबर फुलं वेचून मुलं यायची, ती अंगाला मोहाचा वास घेऊनच. सगळी पडद्यासमोर दाटीने बसली. बुधरीच्या हातात माऊस दिला. ढोल वाजला — आणि बुधरी माऊस सोडून उठलीच! तिने कोलूचा हात धरला, कोलूने पुढच्याचा, आणि बघता बघता सगळी बालवाडी साखळी करून गोंडांचा रेला नाच करायला लागली. कॉम्प्युटर थोडा वेळ थांबला, मग खेकसला, "चूक!"

"अरे, बसा ना!" आदेश रडकुंडीला आला. "काऊन उठून राह्यले हे?"

"ढोल वाजल्यावर बसून राह्यते का कोणी इथी?"

"पण गेममध्ये नाचाचं नाईच आहे जी!"

"मंग तुमच्या गेमले नाचता येत नाई, आन् अंगण वाकडं म्हणता?"

तो माझ्याकडे वळला. मग हसला. चष्म्याआड त्याचे डोळे आधी हसतात, हे मला तेव्हा कळलं... आणि उगाचच मी फळा पुसायला वळले. फळा कोरा होता.

आदेशने गेम उलगडून पुन्हा बांधला. आता ढोल वाजला की कॉम्प्युटर थांबायचा. मुलांचा फेरा पुरा होईपर्यंत, कोणीतरी माऊस दाबेपर्यंत. कितीही वेळ.

"आन् ते 'चूक' म्हणणं बंद करा," मी सांगितलं. "पोरं घाबरते."

"मंग काय म्हणू?"

"चुकलं तर चुकलं. पुन्हा एकदा करू."

"तुम्हीच म्हणा ना... तुमच्या आवाजात." त्याने माईक पुढे केला. खिडकी लावली. खोलीत आम्ही दोघं, आणि बाहेर कोकिळा. मी म्हटलं. तो म्हणाला, "पुन्हा एकदा." मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "अजून एकदा."

"काऊन जी? बरोबर तर आलं."

"आलं ना..." तो माईककडे बघत म्हणाला. "म्हणूनच."

एका दुपारी मुलं गेल्यावर मी पाण्याची घागर घेऊन आले, तर आतून माझाच आवाज. चुकलं तर चुकलं, पुन्हा एकदा करू. परत तेच. परत तेच! डोकावले तर साहेब एकटेच गेम खेळत होते, आणि ढोलाऐवजी मुद्दाम घंटी दाबत होते.

"स्वतः बनवला, तरी इतकं चुकते?"

माऊस खालीच पडला त्याच्या हातातून. मी हसत बाहेर पळाले खरी, पण कडुनिंबाखाली पोचेपर्यंत रडू यायला लागलं. गेम तर जमला होता. म्हणजे हा जाणार होता. आणि तो जमावा म्हणून धडपडले कोण, तर मीच!

नागपूरच्या संस्थेच्या बाई गेम बघायला आल्या. बुधरीने फेरा धरला, नाचून झाल्यावर ऐटीत येऊन ढोल, बासरी, घंटी दाबली. बाई टाळ्या वाजवत राहिल्या. आदेशची नोकरी पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सोडायला स्टँडवर गेले. गाडी लागली. त्याने खिशातून रुमाल काढून खिडकीतून सीटवर टाकला... तो माझाच होता. इतके दिवस जपून ठेवलेला.

"काम तर झालं," तो म्हणाला.

"झालं."

"मी... म्हणजे... पोंभुर्ण्याकडेही बालवाड्या आहेत म्हणते. तुमचं गाव आहे ना ते? तर तिकडे... गेमच्या कामानं..."

कंडक्टरने घंटी मारली. एवढा शिकलेला माणूस, आणि ऐन वेळी बालवाड्या काढतो!

"चुकलं," मी म्हटलं.

"आँ?"

"चुकलं तर चुकलं. पुन्हा एकदा करू."

तो समजला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दिव्यानी, तुझ्या बाबाले भेटाले येऊ का? तुझ्यासाठी. गेमसाठी नाई."

रेल्यात कोणी बोलत नाही, नुसता हात पुढे करायचा असतो, तसा मी केला. त्याने तो भर स्टँडवर, साऱ्या धानोऱ्यादेखत धरला.

तेवढ्यात गाडी हलली. "अजी, बॅगवाले! येता का नाई?" कंडक्टर ओरडला. आदेशने मान हलवली. नाही.

धुरळा उडवत गाडी गडचिरोलीकडे गेली, खिडकीजवळची एक सीट माझ्या रुमालाने धरून. रुमाल गेला तो गेलाच. माणूस तेवढा राहिला.