कुत्र्याची छत्री कोणाची?

“ताई, पानांवरचं औषध वाळेपर्यंत खारीकला गच्चीवर सोडू नका,” असं चिमटा सांगत होता, तेव्हा मृण्मयीने त्याला हातानेच गप्प केलं.

चिमटा म्हणजे इमारतीच्या गच्चीवरचा मळा राखणारा यंत्रमानव. त्याच्या हातांवरून हे नाव मृण्मयीच्या लेकीने, निहाराने ठेवलेलं. काकडीच्या वेलांवर भुरी (पांढरी बुरशी) पडली होती, म्हणून तो औषध फवारत होता.

“बुरशीचं औषध ना? मग आमची खारीक काय बुरशी आहे?” मृण्मयी म्हणाली. लेकीला पाणीसुद्धा उकळून, गाळून, वर वास घेऊन देणारी ही आई. पण त्या दिवशी डब्याची घाई होती; तिने कुत्रीला खुशाल गच्चीवर सोडलं.

दुपारी त्यांची कुत्री खारीक गच्चीवरून खाली आली ती लटपटतच. ओकली आणि थरथरत आडवी झाली. वेलांची पानं चाटून तिचं तोंड पांढरं माखलं होतं.

“तोंड पुसा. मनाने काही पाजू नका. औषधाची बाटली सोबत घ्या!” चिमट्याने तिला अलगद उचललं. दवाखान्यात प्राण्यांचे डॉक्टर बागवान बाटली वाचून तिला आत घेऊन गेले आणि दार लागलं.

बाकावर निहारा हुंदके देत होती. “आई, खारीक मरणार का गं?”

मृण्मयीने लेकीला घट्ट धरलं.

“पण बुरशीचं औषध तिला बाधलंच कसं?” निहाराने चिमट्याला विचारलं. “बुरशी तर झाडासारखी असते ना?”

“निहाराबाई, ओल्या लाकडावर छत्रीसारखं काय उगवतं?”

“कुत्र्याची छत्री.”

“ती बुरशीच. आता सांगा, ती कोणाच्या जास्त जवळची? जास्वंदीच्या की खारीकच्या?”

“जास्वंदीच्या!”

“चूक. खारीकच्या.”

“चिमट्या, बॅटरी उतरलीय तुझी,” मृण्मयी म्हणाली.

“भरलेली आहे, ताई. ऐका. फार फार पूर्वी एका पेशीत एक जिवाणू शिरला. तो पचला नाही, तिथेच राहिला आणि अन्नातून ऊर्जा काढून देऊ लागला.”

“म्हणजे घरजावई!” मृण्मयीला डोळे पुसता पुसता हसू आलं.

“कमावता घरजावई! त्याच्या वंशजांना तंतुकणिका (पेशीतली ऊर्जाघरं) म्हणतात. त्या जास्वंदीत आहेत, छत्रीत आहेत, तुमच्यातही आहेत. शिवाय या सगळ्यांच्या पेशीत केंद्रक (गुणसूत्रं सांभाळणारी खोली) असतं. हे झालं दृश्यकेंद्रकी कुटुंब. पुढे त्याच्या वाटण्या झाल्या. झाडांची शाखा आधी वेगळी निघाली. बुरशी आणि प्राणी यांचा पूर्वज मात्र बराच काळ एकच होता. एवढासा, एकाच पेशीचा. त्यांची वाट फुटली त्याला साधारण शंभर कोटी वर्षं झाली.”

निहाराचे हुंदके थांबले. “म्हणजे झाड लांबचं आणि बुरशी चुलत बहीण? मग कुत्र्याची छत्री खरंच कुत्र्याची!”

“अगदी! आणि पेशीतली यंत्रणा इतकी सारखी, की बुरशीला मारणारी काही औषधं कुत्र्यांना आणि माणसांनाही बाधतात. जिवाणू दूरचे, त्यांच्यावर नेम धरणं त्या मानाने सोपं.”

तेवढ्यात दार उघडलं. “शेपटी हलवतेय,” डॉक्टर बागवान म्हणाले. “बाटली आणलीत, म्हणून नेमका उपचार करता आला. या आत.”

मृण्मयीने खारीकच्या बरगडीवर कान टेकला. आत धडधड चालू होती. त्या एवढ्याशा अंगातली असंख्य ऊर्जाघरं मुकाट्याने राबत होती. तिने चिमट्याचा गार हात धरला. “तू होतास म्हणून रे!”

“आणि बुरशीसुद्धा उपयोगाचीच बरं का, ताई. पावातलं यीस्ट तिच्याच कुळातलं. पेशी कशी वाढते, कशी बिघडते, हे माणसांनी त्याच्याकडूनच पुष्कळ शिकून घेतलं.”

“मी मोठी झाले ना, की फक्त भुरीलाच बाधेल असं औषध करीन,” निहारा म्हणाली. “खारीकने चाटलं तरी चालेल असं.”

मृण्मयीने तिच्या केसांवरून हात फिरवला. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला मृण्मयीचं एक सांगणं आहे. तुमच्याकडे किंवा शेजारी आज फवारणी झाली असेल, तर तिथलं कुत्रं, मांजर आत्ता कुठे आहे? पुस्तक ठेवा, आणि आधी त्याला बघून या.