बाजूला काढून ठेवलंय

"अर्धा किलो दुधी द्या. मांडीचा. आणि चरबी काढून."

हे मी बोललो. खरंच बोललो. भर मंडईत, सकाळी साडेआठला, आणि ते पण मोठ्या आवाजात, कारण आमच्या धंद्यात हळू बोललं तर ऐकूच येत नाही.

गाळ्यावरची मुलगी पालकावर पाणी शिंपडत होती. तिचा हात हवेतच थांबला. मग तिने एक दुधी उचलला, तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर आडवा धरला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "याची मांडी नेमकी कुठून सुरू होते? देठाकडून की बुडाकडून?"

मागच्या खुर्चीत बसलेल्या मावशींना हसून हसून ठसका लागला. गाळा त्यांचा होता, मुलगी त्यांची भाची. मी मात्र तसाच उभा. कान गरम झालेले.

"कुठूनही द्या," मी म्हणालो.

"चरबी काढायला वेळ लागेल हं..."

मी दुधी घेतला आणि पळालो. घरी आल्यावर कळलं की पिशवीत मिरच्या आणि कोथिंबीर पण होती. मी मागितली नव्हती.

आता हे असं का झालं ते सांगतो.

आमचं मटणाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात दोन पुरुष आणि एक कुकर. बाबा चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मटण खात आलेत. मग एक दिवस ते आठव्या पायरीवर छाती धरून बसले. दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लाल मांस कमी करा."

"लाल म्हणजे?" बाबा म्हणाले. "माझ्या दुकानात निळं कुठलंय?"

"आठवड्यातून एकदा. छोटी वाटी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." बाई हसल्या नाहीत. बाहेर मला एकट्याला गाठून त्या म्हणाल्या, "ऐकलं नाही तर पुढच्या वेळी पायरीवरून उठवता येईलच असं नाही."

घरी आल्यावर बाबांनी एकच अट घातली. "हे कुणाला कळता कामा नये. मटणवाला स्वतःच मटण खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? आत काहीतरी गडबड आहे!"

म्हणून मी जवळची भाजीवाली सोडून तीन गल्ल्या लांब मंडईत गेलो होतो. चोरासारखा. आणि तिथे मांडीचा दुधी मागितला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती लांबूनच म्हणाली, "या मांडीवाले! काय म्हणाला दुधी?"

"दुधी ठीक होता. बाबा म्हणाले, हे आजारी माणसाचं जेवण आहे."

"मग? आजारी नाहीत का ते?"

"हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

ती हसली. हसताना ती मान थोडी खाली घालते आणि तागडीकडे बघते, जणू तागडीनेच विनोद केलाय. मी तिला सगळं सांगितलं. छाती, पायऱ्या, छोटी वाटी... फक्त दुकानाचं सोडून.

"एकदम बंद करू नका," ती म्हणाली. "बंड होईल घरात. आधी एक वार मागून घ्या. सोमवार मागा. सोमवारी तसंही माणसाला काही आवडत नाही."

बाबांनी कुरकुरत सोमवार दिला. पुढच्या आठवड्यात बुधवार. मग शुक्रवार. माझ्या लक्षात आलं की बाबांचा एक वार सुटला की माझा एक वार मंडईचा होतो. मी जरा जास्तच जोर लावायला लागलो... बाबांच्या तब्येतीसाठी. असं मी स्वतःला सांगत होतो.

"तुम्ही काय काम करता?" एकदा तिने शेंगा निवडता निवडता विचारलं.

"सुरीचं काम."

"हॉटेलात?"

मी "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ हो पण होतो, नाही पण होतो, आणि घसा खवखवतोय असाही होतो. त्याला कारण होतं. आदल्या दिवशीच ती मावशींना सांगत होती, "मी मटणाच्या गल्लीतून जातच नाही. मला तो वास सोसत नाही. वळसा पडला तरी चालेल."

तेव्हापासून मी मंडईत जाण्याआधी दोनदा अंघोळ करायला लागलो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला साबणाचा फार वास येतो."

"वाईट येतो का?"

"नाही... पण माणसाचा पण थोडा येऊ द्या की."

इकडे घरी वेगळीच गंमत. एका संध्याकाळी मी लाल भोपळा कापत होतो. बाबा खुर्चीतून बघत होते. बघता बघता त्यांचा जीव कासावीस झाला. "अरे, ते काय लाकूड फोडतोयस का? सुरी दाबू नकोस. सुरीला चालू दे. दे इकडे!"

त्यांनी भोपळा हातात घेतला, फिरवला, बोटाने टकटक केलं. आणि मग असा कापला की प्रत्येक फोड दुसरीची जुळी बहीण वाटावी. चाळीस वर्षांचा हात तो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ताट संपवलं. स्वतः कापलेलं टाकायचं नाही हा त्यांचा जुना नियम आहे.

मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बाबांना भाजी नको होती असं नाही. बाबांना तुमची भाजी नको होती."

आणि मग तिने खालून एक पिशवी काढली. कोवळी मेथी. "ही तुमची. बाजूला काढून ठेवली होती."

कसं सांगू... आमच्या धंद्यात 'बाजूला काढणं' हा साधा शब्द नाही. बाबा ठरावीक माणसांसाठी चांगला तुकडा आधीच कापून, गुंडाळून मागे ठेवतात. तो एकदा मागे गेला की गेला. समोर कुणी कितीही हट्ट करू दे, त्याला हात लावायचा नाही.

"बाबांचं म्हणणं आहे," मी म्हणालो, "बाजूला काढलेलं दुसऱ्याला द्यायचं नसतं."

"आणि तो माणूस आलाच नाही तर?"

"तर वाट बघायची."

तिने तागडीकडे बघितलं. यावेळी तागडीत काहीच नव्हतं.

दोन महिने असे गेले. सहा वार भाजीचे झाले. उरला रविवार. बाबा म्हणाले, "रविवार माझा. रविवारला हात लावायचा नाही." मी पण लावला नाही. रविवारी तिचा गाळा बंद असायचा.

आणि मग तो गुरुवार आला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी एप्रन घालून, हात कोपरापर्यंत बरबटलेले, खिमा करत होतो. दारात ती उभी. नाकाला ओढणी, हातात भोपळा कापायचा मोठा कोयता, कागदात गुंडाळलेला. धारवाला गावाला गेला होता, म्हणून मावशींनी तिला पाठवलं होतं, 'मटणवाल्या काकांइतकी धार कुणी लावत नाही' म्हणून.

तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. हातातला सुरा कुठे ठेवावा ते मला सुचेना.

"हॉटेल छान आहे," ती म्हणाली.

"मी... सांगणार होतो..."

"मी वजनात कधी मारत नाही. तू बोलण्यात मारलंस." पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं, ते असं. "वास मला सोसत नाही, हे खरंय. पण तू सोसला असतास की. म्हणजे... तुझं काम सोसलं असतं मी. तूच ठरवून टाकलंस, मला न विचारता."

गल्ल्यावरून बाबांनी चष्मा वर केला. "दुधीवाली तूच का?"

तिन्ही गिऱ्हाइकं वळली. तिला बिचारीला अट माहीत नव्हती. ती सरळ म्हणाली, "हो काका. मीच. आवडतो का दुधी?"

बाबांनी एकेकाकडे बघितलं. हे सगळं दहा दहा वर्षांचं गिऱ्हाईक. बाबा हवं तर म्हणू शकले असते, कसला दुधी? मी नजरेने विनवत होतो... आणि कुणासाठी ते मलाच कळत नव्हतं.

"आवडतो," बाबा म्हणाले. "पण हा कापतो वाईट."

पहिल्या गिऱ्हाइकाने घसा साफ केला. "डॉक्टर का?"

"डॉक्टर."

"मला पण सांगितलंय हो. घरी कुणाला बोललो नाही अजून." मग जरा थांबून, "आज एक किलो नको. अर्धाच द्या."

बाबांनी अर्धा तोलला. मग तिच्या कोयत्याला जातीने धार लावून दिली. ती कोयता घेऊन गेली. मागे वळली नाही.

शुक्रवारी मी मंडईत गेलो नाही. शनिवारी नाही. सोमवार, मंगळवारही नाही. कुठल्या तोंडाने जायचं? जवळच्या भाजीवालीकडून बटाटे आणले आणि बाबांनी चार दिवस निमूट खाल्ले. बुधवारी मात्र ताट सरकवलं.

"तुझं तिथे बाजूला काढलेलं असेल," ते म्हणाले.

"नसेल आता."

"आपल्याकडचं माणूस आलं नाही तर आपण काय करतो?"

"वाट बघतो."

"मग तिला तेवढी अक्कल नसेल असं तुला का वाटतं?"

मी गेलो. अंघोळ न करता, दुकानातून तसाच. ती कांदे रचत होती. मावशींनी मला बघितलं आणि त्यांना अचानक समोरच्या गाळ्यावर काम आठवलं.

ती खाली वाकली आणि एक पिशवी समोर ठेवली. मेथी. पिवळी पडलेली, माना टाकलेली.

"सुकली," मी म्हणालो.

"सुकणारच. माणूस आला नाही."

"कुणी मागितली नाही?"

"तिघांनी मागितली. शुक्रवारी ताजी होती ना."

मी ती पिशवी जवळ ओढली. मग म्हणालो, "एक मागू?"

"माग."

"मला... बाजूला काढून ठेवशील?"

तिने हात ओढणीला पुसले. हळू, एकेक बोट. "रविवारचं काय? सहा वार मला देतोस आणि सातव्या दिवशी मी कोण?"

"रविवार बाबांचा आहे."

"मग बाबांना विचार," ती म्हणाली, आणि मान खाली घालून तागडीकडे बघून हसली.

मी विचारलं. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "माझा म्हणजे माझ्या वाटीपुरता. छोटी वाटी, ती मी खाईन. तुला कुणी धरून ठेवलंय? दोनला शटर ओढू." आणि ते वर निघाले. मी सवयीने पायऱ्या मोजल्या. सहा, सात, आठ... ते थांबले नाहीत. चौदा.

रविवारी दोन वाजता मी शटर अर्धं ओढलं तर खाली दोन चपला दिसल्या. शटर वर केलं. ती उभी होती. नाकाला ओढणी, डोळ्यांत पाणी, हातात डबा. गल्लीतली सगळी दुकानं अजून उघडी होती. ती त्या सगळ्यांसमोरून चालत आली होती.

"वळसा नाही घेतलास?" मी विचारलं.

"उशीर झाला असता," ती म्हणाली.