तडा गेलेलं दातेरी चाक

"आधी ऐक, मग उघड."

बाबांचं हे वाक्य तिच्या कानात घर करून बसलं होतं. पेचकस हातात घेतला की ते आपोआप ऐकू यायचं. बाबा रेल्वेच्या इंजिनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती दुरुस्त करायचे. तळहातावर मावतील एवढीशी इंजिनं, पण खऱ्याखुऱ्या रुळांवर धावणारी. बाबा गेले आणि रस्त्याकडेचं ते एका खोलीचं दुकान तिच्याकडे आलं. त्यांचे नेमही सोबत आले. सकाळी हात धुऊन, डोळे मिटून क्षणभर शांत बसायचं. मग एखादं इंजिन रुळावर धावलं, की त्यानंतरच चहा. आणि इंजिनातून काढलेला तुकडा, कितीही मोडका असो, टाकायचा नाही. ज्याच्या त्याच्या डबीत जपून ठेवायचा.

"माझी किटली या पोरीनं इंजिनांच्या ताब्यात दिली आहे," मागच्या खोलीत राहणारी मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "ती धावली तर चहा, नाहीतर उपास!"

अशाच एका ओल्या सकाळी दार ढकलून एकजण आत आला. केसांतून पाणी निथळत होतं, छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं.

"इथे... इंजिनं दुरुस्त होतात ना?"

तिचा हात जागीच थांबला. हा आवाज! रोज सकाळी फळीवरच्या रेडिओतून हाच आवाज हवामान सांगायचा, आणि ती स्वतःशीच 'बरं' म्हणत कामाला लागायची. इतके दिवस त्या आवाजाला चेहरा नव्हता. आता होता – आणि तो नखशिखांत भिजलेला होता.

"छत्री नाही आणलीत?"

"आज कोरडं राहील असं वाटलं होतं."

"हो, सकाळी सांगितलंत खरं. मीही कपडे बाहेर वाळत घातलेत."

तो कानांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुम्ही ऐकता?"

"ऐकते. विश्वास ठेवते असं नाही म्हटलं."

मागून मावशी खुदकन हसली. त्यानं टॉवेल उलगडला. हिरव्या रंगाचं जुनं इंजिन, एका बाजूनं चेपलेलं, चाकांना जोडणारी दांडी वाकलेली. ते त्याच्या आत्याचं होतं. आई-वडिलांमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. आता तिची नजर जवळजवळ गेली होती. सकाळी तो कामावर गेला की जेवणाच्या टेबलावर रूळ मांडून ती एकटी हे इंजिन फिरवत बसायची. परवा धूळ पुसताना ते त्याच्याच हातून पडलं.

"तेव्हापासून गप्प आहे. रागावली असती तर बरं वाटलं असतं. नुसती म्हणते, राहू दे रे, झालं जुनं." तो थांबला. "मला नवंकोरं नको. पूर्वी होतं, तसं हवंय."

तिनं इंजिन रुळावर ठेवून वीज सोडली. हूं नाही की चूं नाही. आधी ऐक... पण मुक्याचं ऐकायचं कसं?

"हे बोलत नाही," ती म्हणाली. "याच्या वतीनं तुम्हीच बोला. धावताना कसं वाजायचं?"

"म्हणजे? मी... आवाज काढू?"

"रोज अख्ख्या गावाशी बोलता, इथे आम्ही दोघीच तर आहोत."

त्यानं घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि बातम्या सांगायच्या गंभीर चेहऱ्यानं सुरू केलं – "सुर्र... खट्. सुर्र... खट्. सुर्र... खट्."

मावशी तोंडाला पदर लावून आत पळाली. तिलाही हसू आवरेना. पण कान मात्र काम करत होते. "ते खट् आहे ना, तो आजार. आतल्या दातेरी चाकाला तडा गेला असणार. कधीपासून आहे?"

"माझ्या लहानपणापासून."

"अरे देवा! मग आता बरंच करूया त्याला. होतं तसं परत देईन. शब्द देते."

तिनं इंजिन उघडलं. तिचं निदान तंतोतंत होतं. तुटलेली तार तिनं डाख देऊन जोडली, दांडी तिच्या खोक्यातल्या एका मेलेल्या इंजिनाची बसली. अडलं ते दातेरी चाकावर. तसं चाक आता कोणी बनवत नव्हतं. तडा गेलेलं चाक तसंच घालून चाललं असतं. पण जाणूनबुजून दुखणं आत ठेवून टाके घालायचे? तिच्या मनाला पटेना.

मग शोध सुरू झाला. तो रोज काम संपवून यायचा. दोघं जुन्या वस्तूंच्या बाजारात ढिगाऱ्यांमधून वाकून-वाकून फिरायची. फुटके दिवे, मुक्या घंटा, एक डोळा गेलेल्या बाहुल्या. कुठे इंजिन दिसलं की ती ते कानाशी नेऊन चाक बोटानं फिरवायची, आणि तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

"इंजिनाकडे बघा," ती नजर न उचलता म्हणायची.

"बघतोय की... निकाल तुमच्या भुवईवर लागतो."

एकदा सर आली. दोघं एका बंद दुकानाच्या छपराखाली उभी राहिली.

"किती वेळ चालेल?" तिनं विचारलं.

"खरं सांगू की रेडिओवरचं सांगू?"

"खरं."

"खूप वेळ चालावी... अशी माझी इच्छा आहे."

छपरावरून ठिबकणारं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, आणि ओंजळ भरली तरी हात मागे घेतला नाही.

चाक शेवटी सापडलं, पत्र्याच्या एका मोडक्या डब्याखाली, इंजिनाच्या नुसत्या सांगाड्यात. एकही दात झिजलेला नव्हता. आनंदाच्या भरात त्यानं तिचा हात धरला, मग गडबडून सोडला, आणि दोघंही त्या चाकाकडेच बघत राहिली. जणू तेच काही बोलणार होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन घेऊन ती त्याच्या घरी गेली. आत्यांनी टेबलावरचा रूळ हातानं चाचपून नीट केला. पांढरे केस, चेहऱ्यावर शांत, ऐकणारं हसू. तिनं इंजिन ठेवलं. ते निघालं – लोण्यातून सुरी फिरावी तसं. सुर्र... सुर्र... सुर्र... आपल्या हातावर ती मनातून खूश झाली. बाबांनी पाठ थोपटली असती.

आत्या कान देऊन बसल्या होत्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. त्यांची बोटं टेबलावर कशाची तरी वाट बघत अधांतरी थांबली होती.

"छान पळतं हो," शेवटी त्या अदबीनं म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

तो टेबलाजवळ वाकला.

"आत्या, आपलंच आहे. तुझंच," तो म्हणाला.

"हो का?" त्यांनी इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवला. "असेल, असेल. बाई, फार मेहनत घेतलीत. पण आता माझ्याच्यानं होत नाही. रविवारी कुणा लहान मुलाला देऊन टाक रे. निदान खेळेल तरी."

त्या बोटांना काय हवं होतं ते तिला आत्ता कळलं. खट्. ज्याला ती आजार म्हणाली, तीच त्या इंजिनाची हाक होती. दिसेनासं झाल्यावर आत्यांनी त्याला त्या हाकेवरून ओळखलं होतं. ती हाक त्यानं दुकानात भर सकाळी, लाज सोडून, तोंडानं काढून दाखवली होती. तिनं ऐकली... आणि पुसून टाकली. आधी ऐक, बाबा म्हणाले होते. ती नुसती दुखणं शोधत राहिली.

तो तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला.

"तुमची काही चूक नाही," तो म्हणाला. "मलाच कुठे कळलं?"

"मी शब्द दिला होता. होतं तसं देईन म्हणून."

कोपरा जवळ आला तसा तो अडखळत म्हणाला, "एक विचारू? ही वेळ नाही, कळतंय मला. पण इंजिन झालं... आता मी कुठलं निमित्त काढून येऊ? माझ्या घरात दुसरं काही मोडलेलं नाही. म्हणजे, पाडता येईल एखादं..." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "मला निमित्ताशिवाय यायचंय. रोज. चालेल?"

तिचे डोळे भरून आले. कोणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत्यांच्या त्या अधांतरी बोटांसाठी, की...

"आधी मला माझा शब्द पाळू द्या," ती हळूच म्हणाली. "मग विचारा. पुन्हा, असंच."

रविवार उजाडला. तिनं हात धुतले, डोळे मिटून शांत बसली. आज मागणं काही नव्हतं. नुसतं ऐकणं होतं. मग तिनं कपाटातून त्या इंजिनाची डबी काढली. तडा गेलेलं दातेरी चाक कापसात निजलं होतं. तिनं ते कानाशी नेऊन नखानं फिरवलं. खट्.

किती स्पष्ट बोलत होतं ते!

डबी, पेचकस आणि चिमटा तिनं पिशवीत टाकले. नव्या चाकासाठी एक रिकामी डबीही घेतली. हे जुनं चाक एखाद्या दिवशी अडेल, तेव्हा ते लागेल. आणि तेव्हा ती असेलच तिथे... असायला हरकत नव्हती.

रेडिओ सुरू होता. तो सांगत होता की, आता पाऊस नाही, आभाळ निवळत जाईल.

"अगं, चहा!" मावशी किटली घेऊन बाहेर आली. "आज इंजिनसुद्धा धावलं नाही अजून. निघालीस कुठे?"

"पहिलं इंजिन आज तिकडे धावेल, मावशी."

मावशीनं रेडिओकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तिकडे? अगं, तो तर इथे बोलतोय. घरी कुठला असायला?"

"माहीत आहे. मी आत्यांकडे चालले आहे."

"आणि चहा?"

तिनं दाराला अडकवलेली छत्री घेतली. एकवार रेडिओकडे बघितलं, छत्री परत अडकवली, आणि पिशवी छातीशी धरून पायरी उतरली.

"तोही तिकडेच," ती म्हणाली.