वेंग आजोबांना पुलावर मारलेली हाक

मेंदूच्या वॉर्डातला आमचा तो पहिला दिवस. रात्री सव्वानऊला रेसिडेंटने मला आणि फांगला खाली पिटाळलं. दुसऱ्या इस्पितळातून एक पेशंट येत होता, त्याच्या स्कॅनची सीडी हातोहात वर आणून द्यायची होती. ॲम्ब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता. मागच्या फाटकापाशी च्वांग काका प्लास्टिकच्या स्टुलावर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होते. सत्तावीस वर्षं ते इथली ॲम्ब्युलन्स चालवताहेत.

"नवीन शिकाऊ का? कुठला विभाग?"

"न्यूरोसर्जरी. दोन आठवडे," मी म्हटलं.

"अरे देवा. मग बसा, शेंगा खा. वर गेलात की खायला वेळ मिळायचा नाही."

फांगला गप्प राहणं जमत नाही. "काका, तुम्हीच सांगा, काय काय असतं तिथे? सीनियर नुसते 'मजा येईल' म्हणतात आणि हसतात."

"काय असणार? पहाटे साडेपाचला यायचं. प्रोफेसर उगवायच्या आत एकूण एक पेशंट बघून ठेवायचा. डोळ्यांत बॅटरी मारायची, दोन्ही बाहुल्या सारख्या लहान होतात का बघायचं. ऑपरेशनला आठ-आठ तास कोपऱ्यात उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही. मेहेरबानी झाली तर दोन मिनिटं दुर्बिणीतून मेंदू दाखवतील. पाय दुखले म्हणून भिंतीला टेकलात की सिस्टर ओरडणार." काकांनी टरफलं बाजूला सारली. "आणि दर तासाला हाक. कानाशी वाकून, पूर्ण नाव घेऊन, ओरडून. डोळे उघडा. माझा हात दाबा. शुद्ध आहे का ते असंच कळतं ना? चार दिवसांत अशी सवय लागते की घरी आईलासुद्धा तशी हाक माराल."

फांग हसली. काका हसले नाहीत.

"को यूतिंगला लागली होती," ते म्हणाले.

यूतिंग आमच्यासारखाच शिकाऊ. चार वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याला मदत करायला पुढे, प्रोफेसरांच्या प्रश्नाला मागे. काकांशी त्याचं चांगलं जमायचं, कारण दोघांनाही सुपारीचं व्यसन आणि दोघंही बायकांपासून, म्हणजे काकूंपासून आणि हेडसिस्टरपासून, ते लपवायचे.

डिसेंबरची अकरा तारीख, शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. वेंग चिनशुइ नावाचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा सहा दिवसांपासून वॉर्डात होते. लसणाच्या शेतातच कोसळले होते, मेंदूत मोठा रक्तस्राव. दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन थिजलेल्या. आता काही होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा थोरल्या मुलाने, आ-ख्वानने, घरी न्यायचं ठरवलं. शेवटचा श्वास घरी, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर सुटला पाहिजे. नाहीतर बापाने जायचं कुठे?

तर गाडीत कोणीतरी श्वासाची पिशवी दाबत बसायला हवं होतं, घरापर्यंत. त्या रात्री वॉर्डात एकदम तीन अपघात आलेले. सिस्टर मोकळी नाही. रेसिडेंट म्हणाला, "यूतिंग, तू जा. पाच सेकंदाला एक. घरी पोचलात की नळी काढायची, वाकून नमस्कार करायचा, परत यायचं."

गाडी निघाली. आ-ख्वान पायाशी बसला होता, बापाचा निळा सदरा मांडीवर धरून. गाडीत ऑक्सिजन, त्यामुळे जिवाला वाट दाखवायची उदबत्ती लावता येत नव्हती. प्रत्येक वळणावर तो हळू आवाजात सांगत होता, "बाबा, डावीकडे वळतोय हं. मागोमाग या. बाबा, आता साखर कारखाना गेला. या मागून."

काका पुढे बसून ऐकत होते. "इतकी वर्षं ऐकतोय मी हे. मागून येणाऱ्या जिवाचा रस्ता चुकू नये म्हणून सांगायचं असतं. पुलावर तर नक्कीच. पाण्यावर वाट विसरते. मी पुलावर गाडी हळू घेतो. मागून येणाऱ्याला गाठता यावी म्हणून."

पेइकांग नदीचा पूल आला तेव्हा बाराला एक मिनिट कमी होतं.

आ-ख्वानने सदरा उचलला. "बाबा, पूल आला. पूल ओलांडतोय. माझ्या..."

आणि चादरीवर आजोबांचं बोट हललं.

यूतिंगने पाहिलं. घड्याळ पाहिलं. बारा. तासाची तपासणी. डोक्यात दुसरं काही आलंच नाही त्याच्या. कानाशी वाकला आणि वॉर्डात ओरडतात तसा ओरडला.

"वेंग चिनशुइ! डोळे उघडा! माझा हात दाबा!"

आ-ख्वानचा शब्द तोंडातच राहिला.

आजोबांनी डोळे उघडले.

मुलाकडे नाही. यूतिंगकडे.

आणि हात दाबला... घट्ट. मग सोडला. मग काही नाही.

"मी आरशातून बघितलं," काका म्हणाले. "आ-ख्वान त्या पोराच्या तोंडाकडे बघत होता. रागाने नाही. घाबरून."

घरी सगळं रीतीप्रमाणे झालं. देव्हाऱ्यासमोर फळ्या मांडलेल्या होत्या, आजोबांना त्यावर ठेवलं, नळी काढली. "बाबा, घरी पोचलो," आ-ख्वान म्हणाला. मग लाकडी कौल हातात घेऊन त्याने विचारलं, "बाबा, आलात ना?" आणि दोन्ही तुकडे जमिनीवर टाकले.

एक उताणा, एक पालथा पडला तर हो.

दोन्ही पालथे पडले.

पुन्हा. पालथे. पुन्हा. नऊ वेळा. शेवटी आजी, म्हणजे आजोबांची म्हातारी बायको, म्हणाली, "राहू दे रे. दमले असतील. सकाळी विचारू." आणि गाडीकडे निघालेल्या यूतिंगच्या मागच्या अंधाराकडे बघत राहिली.

शनिवारी यूतिंग वॉर्डात तासाची तपासणी करत होता. चार नंबरच्या बाई. उजव्या हातात त्यांचा हात घेतला, नाव घेऊन ओरडला, हात दाबा म्हणाला. त्यांचा हात तसाच, लुळा.

त्याचा डावा हात कोणीतरी दाबला.

तो हात नुसता लोंबत होता. बाजूला कोणी नव्हतं.

सहा नंबर. तेच. अकरा नंबर. तेच. रविवारी दिवसभर. नाव कोणाचंही घ्या... दाबला जायचा डावाच हात. संध्याकाळी तो काकांकडे आला तेव्हा डावा हात खिशात कोंबलेला होता आणि सुपारीसुद्धा नको म्हणाला.

"झोप काढ," काका म्हणाले. "मीही पहिल्या वर्षी असलं काय काय बघितलंय."

"काका, हात गार नाहीये हो. तेच तर. माणसासारखा कोमट आहे."

सोमवारी आ-ख्वानचा फोन आला. तीन दिवस झाले, कौल मिळेना. शवपेटी आली होती, पण कौलाशिवाय झाकण कसं लावणार? नातेवाईक दोन्ही बाजूंनी बोलायला लागले होते. आजीने जेवण सोडलं होतं.

"काका, शिव्या द्यायला नाही फोन केला," तो म्हणाला. "पोरगं आहे, चुकलं. पण ज्याने बोलावून नेलं त्यानेच आणून द्यायला हवं ना? माझा बाप आणून दे म्हणावं. एवढंच."

यूतिंग त्याच रात्री निघाला, स्कूटरवर. काका ड्युटीवर होते, सोबत जाता येईना. फाटकापाशी हेल्मेट चढवताना त्याने विचारलं, "काका, हाक कशी मारू? नाव घेऊन?"

इथे काकांनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"नाव घेऊनच तर घोळ झाला ना, मी त्याला म्हटलं. घरच्यासारखी मार. आजोबा म्हण. आजोबा, चला घरी, म्हण."

पुलावर यूतिंगने स्कूटर थांबवली. कठड्याकडे तोंड केलं. तीनदा म्हणाला, "आजोबा, चुकलं माझं. चला घरी." मग हळूहळू, वळणावळणाला सांगत गेला. डावीकडे वळतोय. देऊळ आलं. कुत्रं आहे, घाबरू नका.

दारात आ-ख्वान उभाच होता. कौल टाकला.

एक उताणा. एक पालथा.

पहिल्याच वेळी. आजी रडली. यूतिंगला गरम शेवयांचं सूप पाजलं, अशुभ जावं म्हणून पाल्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. झाकण लागलं. यूतिंगने डावा हात उघडला, मिटला. कोणी दाबला नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो फाटकातून आत आला. हसत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा. "काका, पहिल्याच फेकीत! गेले हो आजोबा घरी!" स्कूटर तिकडे कोपऱ्यात लावली.

काका त्याच्या पाठीवर थाप मारायला उठले आणि स्कूटरकडे बघून जागच्या जागी थांबले.

मागे बसणाऱ्याची पायदानं. घडीची असतात, पायाने उघडावी लागतात. यूतिंगच्या मागे कधी कोणी बसायचं नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं मिटलेली, गंजलेली.

दोन्ही बाजूंची उघडी होती.

आणि त्यांवर चिखल. नदीच्या तळाला असतो तसला, करडा.

"वेंग आजोबांना दारात सोडलं," काका हळूच म्हणाले. "ते तर गेले आत. कौल खरा होता. पण नुसतं आजोबा म्हटल्यावर त्या पुलाखाली बुडालेले किती जण..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मीच सांगितलं ना त्याला. नाव घेऊ नकोस म्हणून."

"आणि यूतिंग?" मी विचारलं.

"चालत गेला. त्या रात्रीपासून चालतच. शिक्षण पुरं केलं, कातडीचा डॉक्टर झाला तिकडे ताइतुंगला. कोणाला नाव घेऊन हाक मारत नाही म्हणे. नंबर पुकारतो."

"आणि स्कूटर?" फांग म्हणाली.

काकांनी हनुवटीने दाखवलं.

कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे. टायर बसलेले, सीट फाटलेली, हँडलवर धुळीचा जाड थर. आम्ही दोघी जवळ गेलो. फांगने मोबाईलची बॅटरी लावली.

पायदानं उघडी होती. दोन महिने पाऊस नव्हता. सगळी स्कूटर कोरडी ठणठणीत.

चिखल ओला होता.