तिसऱ्या हाकेआधी

"खोटं वाटलं तर उठून जा, मी काय धरून ठेवलं न्हाई," व्यंकटराव अंगणात बसलेल्या नातवंडांना म्हणाले, आणि आपल्या साडूची, अर्धापूरकडच्या शेषेरावाची गोष्ट सांगायला लागले.

मागच्या पौषातली मंगळवारची रात्र. शेषेराव गव्हाला पाणी द्यायला निघाला. त्या आठवड्यात लाईट रात्री साडेबाराला यायची. दिवसभर राबलेल्या माणसानं रात्रीही राबावं, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा पौषात शेताच्या धुऱ्यावर बसवायला पाहिजे.

दाराशी त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली, "एकटे जाऊन राहिलात. हाक आली तर लगेच ओ देऊ नका. तीन होऊ द्या. भूत दोनदाच हाक मारतं."

"माहीत हाय."

"माहीत हाय म्हणूनच तर…"

दोघांनाही भुऱ्या आठवला. अकरा वर्षं त्या कुत्र्यानं शेषेरावासंगं पाणी दिलं. शेषेराव मोटारीजवळ पोतं पांघरून पडायचा, भुऱ्या साऱ्याच्या, गव्हातल्या पाण्याच्या पट्ट्याच्या, टोकाला बसायचा. पाणी टोकाला आलं की तीनदा भुंकायचा. मग शेषेराव उठून दुसऱ्या साऱ्यात पाणी वळवायचा. म्हणायचा, "मला झोप भुऱ्यानं दिली, लाईटवाल्यानं न्हाई."

दिवाळीनंतर एका रात्री भुऱ्या दोनदाच भुंकला. शेषेरावाचं अंग मोडून आलं होतं. तीन झाल्याशिवाय उठायचं न्हाई, म्हणत त्यानं कूस बदलली. तिसरं आलंच नाही. सकाळी टोकाला भुऱ्या ताठ पडलेला, नाकावर सापाच्या दातांची खूण. शेषेराव रडला नाही. थकला फक्त. तो थकवा झोपेनं जाणारा नव्हता.

त्या मंगळवारी पाणी सोडून तो पोत्यावर टेकला. डोळा लागला असेल नसेल…

टोकाकडून भुंकणं आलं.

तेच. घोगरं.

पाणी अजून निम्म्यावरही नव्हतं.

परत एकदा.

मग गप्प. मोटारीची घरघर तेवढी…

तिसऱ्याची वाट बघायला पाहिजे होती. शेषेराव उठला.

"आलो रे," तो म्हणाला.

टोकाला कुणी नव्हतं. दवानं सगळा गहू भिजलेला. एका जागी मात्र परातीएवढा गोल दबलेला… कोरडा.

तो खाली बसला.

"त्या रात्री मी जागाच होतो रे."

मग खोऱ्यानं त्या जागेभोवती मातीचं कडं घातलं, पाणी शिरू नये म्हणून. उरलेली रात्र तो आडवा झाला नाही.

सकाळी सातला कस्तुराबाई चहा घेऊन आली. कड्याच्या चहूबाजूंनी पाणी, बोटं बधिर होतील असं गार.

"हे काय करून ठेवलंत?"

तिनं वाकून दबलेल्या गव्हावर तळहात ठेवला.

"मग?" धाकट्या पुनमनं विचारलं.

व्यंकटरावांनी अंगणातल्या मातीवर तळहात टेकवला.

"ऊन होती ती जागा. आत्ताच कुणी उठून गेल्यावानी."