नमुना क्रमांक एकोणीस

राजश्रीने दार उघडलं आणि ती बाजूला सरली... दारात सुगत उभा होता. तब्बल सहा वर्षांनी!

दिघ्यातल्या त्या एका खोलीच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर पडलेल्या संघमित्राने डोक्यावरचा रुमाल घाईने पुढे ओढला. ऑपरेशनचा व्रण भावाच्या नजरेस पडू नये, एवढंच त्या क्षणी तिला सुचलं. शेजारच्या राजश्रीने आपल्याला न विचारताच त्याला फोन केला, हे तिला आता उमगलं.

आई गेल्यावर बारावी सोडून ती रबाळ्याच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागली, ती या धाकट्या भावाने शिकावं म्हणून. स्वतःचं लग्नाचं वय कधी सरलं, तेही तिला कळलं नाही... सुगत परदेशात पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यावर असताना बाबांनी अंथरूण धरलं. तिने ते त्याला कळवलंच नाही, आणि तो पोहोचला तो अंत्यविधी उरकल्यावर. साऱ्या नातेवाइकांसमोर त्याने तिला विचारलं होतं, "बापाचं शेवटचं तोंड बघायचा माझा हक्क हिरावून घेणारी तू कोण?" त्यानंतर तो या घरात फिरकला नाही. पुढे तो खारघरला एका प्रयोगशाळेत लागला, एवढंच तिच्या कानावर आलं.

"याही वेळी कळवलं नाहीस, आक्का," स्टूल ओढून बसत तो म्हणाला. "आजारी आहेस, एवढंच फोनवर कळलं. झालंय काय तुला?"

"तुला कामाचं टेन्शन असतं..." ती पुटपुटली. "काय काम करतोस रे तू? मला समजेल असं सांग ना."

ती विषय टाळतेय हे त्याला कळलं. पण इतक्या वर्षांनी दुसरं काय बोलावं तेही त्याला सुचेना.

"दुसरीकडचा कॅन्सर मेंदूत पसरतो ना, त्यावर काम करतो. मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी असतात, पहारेकरी समज. त्यांनी कॅन्सरला मारायला पाहिजे, पण त्याच त्याला पोसायला लागतात. रक्तातून लढायला आलेल्या पेशींना बाहेरच थोपवून धरतात. आमच्याकडे एकोणीस नंबरचा नमुना आहे, त्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तीन महिने तोच बघतोय मी."

"कुणाचा?"

"नाव नसतं त्यावर. सत्तेचाळीस वर्षांची बाई. स्तनाचा कॅन्सर, मेंदूत उजवीकडे गाठ..."

"मग त्या पहारेकऱ्यांचाच दोष म्हणायचा?"

"दोष कसला? त्यांना वाटतं जखम झालीय, आपण ती भरून काढतोय. सांभाळायलाच बसलेल्या असतात त्या. पण..."

तो मध्येच थांबला. चादरीवर निपचित पडलेल्या तिच्या डाव्या हाताकडे त्याची नजर गेली. उजव्या बाजूच्या गाठीने डावा हात जातो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि आक्काही सत्तेचाळीसचीच होती. त्याने तिचा रुमाल मागे सारला.

"ऑपरेशन कधी झालं?"

"फेब्रुवारीत."

"आक्का... गाठ संशोधनाला द्यायच्या संमतीपत्रावर तू सही केली होतीस?"

"डॉक्टर म्हणाले, खारघरला जाईल. म्हटलं, जाऊ दे... तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं?"

त्याने तिच्या छातीशी डोकं टेकलं आणि लहानपणी रडायचा तसा तो रडू लागला. ओट्याशी उभ्या राजश्रीला ते पाहवेना.

"बाबांनीच शपथ घातली होती तिला," ती म्हणाली. "पोराला कळवू नको, शिक्षण अर्धवट टाकून येईल म्हणाले. मी इथंच उभी होते. तुला बाबांचा राग येऊ नये म्हणून ही गप्प बसली."

उजव्या हाताने संघमित्रा त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. सहा वर्षांचं ओझं कुठेतरी उतरलं होतं. पण आता उसंत उरली नव्हती... उशाशी ठेवलेला नवा रिपोर्ट त्याने वाचला. आणखी दोन गाठी. त्याचा अर्थ त्याच्याइतका त्या घरात कुणालाच कळत नव्हता. त्याने रिपोर्ट घडी घालून पुन्हा उशाशी ठेवला.

"उद्यापासून सुट्टी टाकतो. इथंच राहतो."

"राहा," ती म्हणाली. हल्ली तिला शब्द शोधावे लागत. "पण सुट्टी नको. कामावर जात जा... तिथंपण मीच हाय ना."