बंद यंत्रावरची चाल

हे घडलेले आहे. सांगलीत, विश्रामबागेत, गेल्या फेब्रुवारीत, भर दुपारी साडेतीन वाजता. भुतांना रात्र लागते असे मानणाऱ्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

आम्रपाली एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. नेमणूक कायम करण्याऐवजी संस्थेने तिचा सत्कार केला : शाल, श्रीफळ, पाऊण तास भाषणे आणि तळहाताएवढा उघडा संगणक. पेटी नाही, पडदा नाही, बटणसुद्धा नाही.

शाल त्याहून महाग असावी.

तिने तो जुन्या टीव्हीला जोडला. सकाळी ती त्यावर टाचणे टंकत असे. दुपारी तिचे वडील, निवृत्त हवालदार राजाराम, त्याच्याशी बुद्धिबळ खेळत. इंटरनेट मात्र त्यांनी कधी जोडू दिले नाही.

"नेट लावू नगंस. त्ये दुसऱ्याला इचारून खेळंल."

याला एकदा हरवतो, मग तुझ्यासमोर डावाला बसतो, असा शब्द त्यांनी लेकीला दिला होता. ते जमण्याआधीच, जानेवारीत, डाव अर्धा टाकून ते गेले.

श्राद्ध-पिंडदान नाकारून या घराला तीन पिढ्या झाल्या होत्या. डाव मात्र आम्रपालीने मोडला नाही. वडिलांचे न संपलेले असे तेवढेच उरले होते.

नेट नसले की या संगणकाला वेळ कळत नाही. बंद करतानाची वेळ तो, डावासारखीच, नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिहून ठेवतो आणि पुन्हा लावल्यावर तिथूनच पुढे मोजतो. मधला काळ त्याच्या लेखी घडतच नाही.

आदल्या दिवशी तिने तो चार वाजून दहा मिनिटांनी बंद केला होता. त्या दुपारी साडेतीनला लावला, तर पडद्यावर...

चार पन्नास.

आणि पांढरा घोडा हललेला. वडिलांचा.

तिने आईला विचारले.

"मला त्येचं बटन बी ठावं न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

बटण नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी तिने कार्ड काढून पर्समध्ये घातले आणि कॉलेजात नेले. कार्डाशिवाय ते यंत्र म्हणजे नुसती पट्टी. परत येऊन लावले...

चाळीस मिनिटे पुढे. आणखी एक चाल.

महाविद्यालयातल्या संगणकतज्ज्ञांनी कार्ड न पाहताच घड्याळाचा दोष सांगितला. त्यांचेही सत्कार झालेले आहेत.

मग तिने यंत्र बंदच केले नाही. चालू असताना कोणी खेळत नव्हते. महिनाभर डाव तसाच थांबला. पांढऱ्याची पाळी. एका चालीत मात.

मार्चअखेरीस फोनवर संदेश आला : दुरुस्तीसाठी उद्या दहा ते पाच वीज बंद.

"जिंकू दे की गं त्यास्नी," आई म्हणाली.

दहाला पडदा काळा झाला. आम्रपालीने कार्ड काढून मुठीत धरले. पंखा थांबला. रस्त्यावरचा आवाजही कुठेतरी दूर गेला...

दहा चाळीसला मेलेल्या टीव्हीतून आवाज आला.

टक.

मग खिडकीजवळची वडिलांची रिकामी खुर्ची सरकली. टीव्हीकडे नव्हे...

तिच्याकडे.

पाचला वीज आली. यंत्र तिने अजून जोडलेले नाही. कार्ड पर्समध्येच आहे, आणि पर्स ती घरात उघडत नाही. हवालदारांनी दिलेला शब्द आयुष्यात कधी मोडला नव्हता. पडद्यावर नवा डाव मांडलेला असणार...

आणि पहिली चाल तिची.